डाव्या हाताने केलेली सही

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने मला तीन पीडीएफ पाठवल्या. ती अमेरिकेत व्हर्जिनियात असते, रोअनोकला, जन्मच तिथला, यंदा शाळेचं शेवटचं वर्ष आहे आणि तिला ख्रिस्ती कॉलेजातच जायचंय, हे तिने स्वतः ठरवलंय, आईबापाने काही सांगितलेलं नाही. पीडीएफ होत्या तिने निवडलेल्या तीन कॉलेजांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या नियमांच्या. त्याच्याखाली व्हॉट्सॲपवर मेसेज, "मावशी, तू रेक्टर होतीस ना, वाचून सांग ना, सही करू का?"

मी एकोणीस वर्षं मुलींच्या हॉस्टेलवर काढली, आधी असिस्टंट मग रेक्टर. कुठल्या संस्थेच्या ते सांगत नाही. त्यामुळे नियमांचं पुस्तक हातात आलं की मी ते कसं वाचते ते माझ्या बहिणीला माहीत आहे, आधी शिक्षांचं पान उघडते आणि मग मागे येते. चष्मा लावून दोन रात्री बसले, आणि जे डोक्यात आलं ते भाचीला फोनवर धड सांगता येईना म्हणून इथे लिहितेय.

आधी एक सांगते, मी नियमांच्या विरोधात नाही. आम्ही नगरचे, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं आमचं घर, बाबा पंच कमिटीत होते, घरात दारू-तंबाखू नाही, रविवारी उपासना चुकवायची नाही, सिनेमाला जायचं तर विचारून. मला त्याचा जाच कधी वाटला नाही. लहानपणी रात्री प्रार्थनेला सगळे एकत्र बसायचो, कंदिलाची काच आई रोज पुसून ठेवायची त्याच वेळेला, आणि आजही साडेआठ वाजले की माझा हात आपोआप काहीतरी पुसायला जातो. शिस्तीने माणूस घडतो हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही.

आता रिटायर झाल्यावर पुण्यात औंधच्या बाजूला राहते. इथे जवळच स्पायसर आहे. पुण्याच्या जुन्या लोकांना स्पायसर म्हटलं की ब्राऊन ब्रेड आणि पीनट बटर आठवतं, पण ती आहे सेव्हन्थ-डे ऍडव्हेंटिस्ट पंथाची शिक्षणसंस्था, १९१५ साली कोइमतूरला सुरू झाली, १९४२ मध्ये पुण्यात आली, आणि २०१४ पासून युनिव्हर्सिटी आहे. ऍडव्हेंटिस्ट लोक शनिवारचा शब्बाथ पाळतात, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळला की काम बंद ते शनिवारी सूर्य मावळेपर्यंत. दारू नाही, तंबाखू नाही, चहा-कॉफीसुद्धा टाळायची, दागिने नकोत, मांसाहार शक्यतो नको. माझ्या ओळखीतली एक मुलगी तिथे शिकलेली, नागालँडची, ती मला म्हणाली की पहिले दोन महिने शुक्रवारची संध्याकाळ अंगावर यायची, आणि तिसऱ्या महिन्यापासून ती आठवडाभर शुक्रवारच्या संध्याकाळची वाट बघायला लागली, कारण तेवढा वेळ कुणी तिच्याकडे काही मागत नव्हतं. मला हे फार आवडलं. नियम असा असला पाहिजे, आत शिरल्यावर माणसाला विसावा मिळाला पाहिजे.

आता अमेरिकेतलं. तिथे ख्रिस्ती कॉलेजं आणि युनिव्हर्सिट्या भरपूर, आणि बहुतेकांचा काही ना काही कोड असतो, म्हणजे विद्यार्थ्यांनी कसं वागायचं याचे नियम. कुठे त्याला कव्हेनंट म्हणतात, म्हणजे आपल्या बायबलमधला करार तोच शब्द, कुठे ऑनर कोड, कुठे नुसतंच स्टुडंट हँडबुक. त्यात काय असतं, तर दारू नाही, ड्रग्ज नाहीत, लग्नाआधी शरीरसंबंध नाहीत, मुलांनी मुलींच्या खोलीत आणि मुलींनी मुलांच्या खोलीत कधी आणि कसं जायचं, चॅपलला, म्हणजे कॉलेजातल्या उपासनेला, किती वेळा हजर राहायचं, कपडे कसे घालायचे. सरकारी युनिव्हर्सिटी चॅपलसारखे धर्माचे नियम लादू शकत नाही कारण तिला घटना बांधून ठेवते, पण खासगी कॉलेजात तू सही केलीस की तो तुझा आणि त्यांचा करार झाला. म्हणून भाचीचा प्रश्न बरोबर होता, सही करू का. ते "करू का" फार महत्त्वाचं आहे, आमच्या हॉस्टेलवर मुलींनी कधी विचारलं नाही, फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात वीस कलमं छापलेली असायची आणि वडील सही करून मोकळे.

हे नियम दगडावर कोरलेले असतात असं बऱ्याच जणांना वाटतं, ते तसं नाहीये. इलिनॉयमधलं व्हीटन कॉलेज, १८६० चं, गुलामगिरीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या लोकांनी काढलेलं, प्रसिद्ध प्रचारक बिली ग्रॅहम तिथेच शिकले, तिथे विद्यार्थ्यांना नाचायला बंदी होती ती २००३ पर्यंत. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा कॉलेजात नाच झाला. टेक्ससमधली बेलर, बॅप्टिस्टांची, १८४५ पासूनची, तिथे १९९६ मध्ये पहिला नाच झाला. दोन्ही कॉलेजं आजही आहेत आणि ख्रिस्तीच आहेत. म्हणजे कुठला नियम गाभ्याचा आणि कुठला त्या त्या काळातल्या मोठ्या माणसांच्या सवयीचा हे ओळखायला वेळ लागतो, कधीकधी दीडशे वर्षं लागतात.

आणि कधी नुसता वेळ लागत नाही, पापही घडतं. हे लिहिताना मला त्रास होतोय पण लिहिते. साउथ कॅरोलायनात ग्रीनव्हिलला बॉब जोन्स युनिव्हर्सिटी आहे, १९२७ साली स्थापन झालेली. तिथे १९७१ पर्यंत काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. प्रवेश द्यायला लागले तरी नियम असा की वेगवेगळ्या वंशाच्या मुलामुलींनी एकमेकांबरोबर डेटिंग करायचं नाही, लग्न करायचं नाही, केलं तर काढून टाकणार. आणि हा नियम बायबलच्या आधाराने आहे असं ते सांगायचे. सरकारने करसवलत काढून घेतली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९८३ मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल युनिव्हर्सिटीच्या विरोधात लागला, तरीसुद्धा नियम तसाच! तो उठला मार्च २००० मध्ये. माफी मागितली २००८ साली.

आम्ही जातीच्या जाचातून बाहेर पडायला ख्रिस्ती झालेल्या घरातले. माझ्या पणजोबांनी मंडळीत पाऊल टाकलं ते तिथे सगळ्यांबरोबर एका सतरंजीवर बसायला मिळतं म्हणून. त्याच बायबलचा आधार देऊन कुणी कुणाबरोबर फिरायचं याची वंशावरून वाटणी केली जाते हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. भाचीला मी सांगितलं, कुठल्याही नियमाच्या पुढे कंसात वचन दिलं म्हणून तो देवाचा होत नाही, ते वचन उघडून वाच, वरखालच्या ओळी वाच.

पण हे सगळं एका बाजूला. मला ज्या गोष्टीने झोप लागली नाही ती वेगळी आहे.

भाचीच्या घरापासून गाडीने तासाभरावर लिंचबर्ग आहे. तिथे लिबर्टी युनिव्हर्सिटी, १९७१ मध्ये जेरी फॉलवेल या पास्टरांनी काढलेली, आज जगातल्या मोठ्या ख्रिस्ती युनिव्हर्सिट्यांपैकी एक, ऑनलाइन शिकणारे धरले तर विद्यार्थी लाखाच्या वर जातात. तिथल्या कोडचं नाव 'द लिबर्टी वे'. दारू, लग्नाबाहेरचे संबंध, दुसऱ्याच्या खोलीत असणं, हे सगळं त्यात येतं आणि त्याच्यावर शिक्षा असतात. २०२१ च्या जुलैमध्ये बारा बायकांनी नाव न सांगता युनिव्हर्सिटीवर केस केली. त्यांचं म्हणणं असं की त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाले आणि या कोडमुळे तक्रार करणं अवघड होऊन बसलं, कारण तक्रार करायची तर आधी सांगावं लागणार की मी पार्टीला गेले होते, मी दारू प्यायले होते, मी त्याच्या खोलीत होते. म्हणजे तक्रार करायला गेलेली मुलगीच आरोपी. पुढे त्या केसमध्ये तडजोड झाली. मग मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने लिबर्टीला १ कोटी ४० लाख डॉलर दंड केला, कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती देण्याच्या कायद्याखाली तोपर्यंतचा सगळ्यात मोठा, आणि शिवाय सुरक्षा सुधारायला २० लाख डॉलर खर्च करायला लावले. खात्याच्या अहवालात हेही आलं की अत्याचार झालेल्यांना कोड मोडल्याबद्दल शिक्षा झाल्या आणि ज्यांनी केलं ते मोकळे राहिले. युनिव्हर्सिटीने चुका झाल्याचं मान्य केलं, आपल्याला वेगळी वागणूक दिली जातेय अशी तक्रारही केली.

तो कायदा म्हणजे क्लेरी ऍक्ट, १९९० चा. जीन क्लेरी ही एकोणीस वर्षांची मुलगी १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात तिच्या हॉस्टेलच्या खोलीत मारली गेली, तिच्यावर बलात्कार झाला होता, आणि तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा करून हा कायदा करून घेतला. कॉलेजला सरकारी मदतीचा पैसा पाहिजे असेल तर कॅम्पसवर काय गुन्हे होतात ते दरवर्षी जाहीर करावंच लागतं, कॉलेज धार्मिक असो की नसो. मला त्या आईवडिलांचा फार आदर वाटतो.

ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीत हेच आधी घडून गेलं होतं. ती युटाह राज्यात प्रोव्होला आहे, १८७५ ची, मॉर्मन चर्चची. मॉर्मनांना ख्रिस्ती म्हणायचं की नाही यावर आमच्या पाळकसाहेबांचं मत वेगळं आहे, पण ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात आणि मी त्यात पडत नाही. त्यांचा ऑनर कोड खूप कडक, चहा-कॉफी नाही, मुलांनी दाढी ठेवायची नाही (धर्मासाठी किंवा वैद्यकीय कारणासाठी परवानगी घेता येते), आणि दरवर्षी आपल्या चर्चच्या पुढाऱ्याकडून किंवा चॅप्लेनकडून आपण नीट वागतोय असं लिहून आणावं लागतं. आणि तो ते खरंच लावतात. २०११ मध्ये त्यांची बास्केटबॉल टीम देशात तिसऱ्या नंबरवर असताना त्यांनी एका मुख्य खेळाडूला कोड मोडला म्हणून उरलेल्या सीझनसाठी बाहेर बसवलं. हरायची तयारी ठेवली पण नियम सगळ्यांना सारखा ठेवला, याचं मला कौतुक वाटलं, खरंच.

तर तिथे २०१६ मध्ये मुली पुढे आल्या आणि म्हणाल्या की आम्ही बलात्काराची तक्रार केली आणि ऑनर कोड ऑफिसने आमचीच चौकशी लावली. युनिव्हर्सिटीने कमिटी नेमली, आणि त्या ऑक्टोबरमध्ये कमिटीने दिलेल्या २३ शिफारशी मान्य केल्या. त्यातली मुख्य म्हणजे ऍम्नेस्टी. जिच्यावर अत्याचार झालाय ती तक्रार करायला आली तर त्या वेळी तिने कोडचं काय मोडलं होतं त्यावर कारवाई करायची नाही. आणि तक्रार ऐकणारं ऑफिस वेगळं, कोडवालं ऑफिस वेगळं. दारू पिणं तिथे चालायला लागलं का, नाही. दाढी चालायला लागली का, नाही. नियम सगळे जिथल्या तिथे राहिले, फक्त दार उघडलं.

आता माझं सांगते.

साल १९९८. आमचं गेट साडेसातला बंद व्हायचं. उशीर झाला तर उशिराच्या रजिस्टरमध्ये लाल पेनने नाव, वेळ, कारण, सही. एका टर्ममध्ये तीनदा झालं की घरी पत्र आणि पुढच्या वेळी हॉस्टेल सोडायचं. नियम संस्थेचा होता पण मी तो मनापासून लावायचे, मला वाटायचं मी पोरींना सांभाळतेय. डिसेंबरमधली एक संध्याकाळ, पावणेनऊ वाजले होते, वॉचमनने बेल वाजवली. सेकंड इयरची मुलगी, अभ्यासात चांगली, कधी उलट बोलणारी नाही. केस विस्कटलेले, ओढणी नव्हती. मी विचारलं का गं, तर म्हणाली मॅडम बस चुकली. त्याच टर्ममध्ये तिचे आधीचे दोन लाल शेरे होते. ती म्हणाली मॅडम पत्र नका ना पाठवू. एकदाच म्हणाली. मी रजिस्टर पुढे सरकवलं.

तिने डाव्या हाताने सही केली. ती डावखुरी नव्हती. उजवा हात तिने पोटाशी धरला होता, मनगट सुजलेलं होतं, दिव्याखाली मला स्पष्ट दिसलं. सही वाकडीतिकडी झाली, शेवटचं अक्षर रेषेच्या खाली गेलं. मी विचारलं नाही. मला वाटलं पडली असेल, आणि मला गेट बंद करून जेवायला जायचं होतं.

पत्र गेलं. आठवड्यात वडील आले, ट्रंक उचलली, घेऊन गेले. काय झालं होतं ते मला सहा महिन्यांनी तिच्या मैत्रिणीने सांगितलं. ती वर्गातल्या एका मुलाबरोबर किल्ल्याकडे फिरायला गेली होती, परत येताना तो तिला स्टँडवर सोडून गेला, आणि स्टँडच्या मागच्या रस्त्यावर दोन माणसांनी तिला धरलं. ती सुटली, पळाली. ते कुणाला सांगायचं तर आधी सांगावं लागणार की किल्ल्यावर कुणाबरोबर गेले होते. मुलाबरोबर फिरताना सापडली तर एका फटक्यात हॉस्टेलमधून बाहेर, तो नियम क्रमांक अकरा, मला पाठ होता. तिने हिशेब केला असणार, बस चुकली म्हटलं तर पत्रावर भागेल. पत्रावरही नाही भागलं. तिचं बी.ए. तिथेच थांबलं. कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा विशाखाचा निकाल आपल्या सुप्रीम कोर्टाने आदल्याच वर्षी दिला होता, तक्रार समिती वगैरे त्यात सगळं आहे, पण आमच्या ऑफिसात त्याचा कागद कुणी पाहिला नव्हता, मीही नाही.

मी संस्थेला लिहून दिलं की नियम अकरा बदला, निदान एवढं तरी घाला की पोरगी काही वाईट घडलं म्हणून सांगायला आली तर ती कुठे होती, कुणाबरोबर होती, यावर तिला शिक्षा नाही. उत्तर तोंडी आलं, असं केलं तर मुली सवलतीचा गैरफायदा घेतील. मी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं नाही, ती माझी चूक. मग मी माझ्या पातळीवर एवढंच केलं की उशिरा आलेल्या मुलीला आधी खोलीत बसवायचं, पाणी द्यायचं, दार लोटून घ्यायचं, विचारायचं बाळा बरी आहेस ना, आणि रजिस्टर सकाळी. पुढच्या वर्षांत चार मुलींनी मला त्या खोलीत असं काही सांगितलं जे रजिस्टरसमोर उभं राहून कधीच सांगितलं नसतं. गैरफायदा घेणाऱ्या असतील एखाद-दोन, असू देत.

लोक म्हणतात कडक कॉलेज, सैल कॉलेज. मला आता तो फरक बिनमहत्त्वाचा वाटतो. कोड कितीही कडक असू दे, प्रश्न एकच आहे, नियम मोडलेली मुलगी रात्री पावणेनऊला गेटवर आली तर तिला खरं बोलता येईल का. खरं बोलणं हे तर या सगळ्या कोडमध्ये पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, आणि नेमकं तेच करायला गेली की शिक्षा होत असेल तर आपण पोरींना खोटं बोलायला शिकवतोय. आम्ही संडे स्कूलमध्ये वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट शिकलोय, शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात येशूने त्याला सगळ्यांच्या मधे उभं केलं आणि हात पुढे कर म्हणाला, आणि आजूबाजूला नियम सांभाळणारे टपून बसले होते की हा शब्बाथ मोडतो का. मी लहान असताना ती गोष्ट ऐकताना नेहमी त्या माणसाच्या जागी स्वतःला बघायचे. त्या डिसेंबरनंतर मला त्यात माझी खरी जागा कळली.

भाचीच्या तीन पीडीएफांत काय होतं ते सांगते, कॉलेजांची नावं मुद्दाम देत नाही. एकात ऍम्नेस्टीचा परिच्छेद आहे, सोप्या भाषेत, सुरुवातीच्या पानांवर, आणि त्यात साक्षीदार म्हणून आलेल्या मैत्रिणीलाही माफी आहे, हे मला फार बरं वाटलं, कारण पहिल्यांदा मैत्रिणीलाच कळतं. दुसऱ्यात आहे पण एकोणपन्नासाव्या पानावर आणि शब्द "विचार केला जाऊ शकतो" असे, म्हणजे होईल किंवा होणारही नाही. तिसऱ्यात मला सापडला नाही, दोनदा शोधला, भाचीलाही शोधायला लावला.

मग मी तिला म्हटलं, सहीचं नंतर बघू, आधी तिघांनाही ईमेल कर. विचार की अशी तक्रार कोण ऐकतं आणि ते शिस्तीच्या ऑफिसला सांगतं का. विचार की रात्री गेटवर कोण असतं. तिला संकोच वाटत होता, म्हणाली मावशी ते म्हणतील ही आत्ताच नियम मोडायच्या गोष्टी करतेय. मी म्हटलं म्हणू देत, तसं म्हणाले तर तेच उत्तर समज. रविवारी आम्ही दोघींनी व्हिडिओ कॉलवर बसून ते ईमेल लिहिलं, तिचं इंग्लिश आणि माझे प्रश्न, तिची आई मागून चहा घेऊन ये-जा करत होती आणि मधेच थांबून वाचत होती. पहिल्या कॉलेजचं उत्तर मंगळवारी आलं, एका बाईंचं, नावासकट, फोन नंबरसकट, कधीही फोन कर असं लिहिलंय. दुसऱ्या कॉलेजने हँडबुकची लिंक पाठवली, तीच जी आमच्याकडे होती. तिसऱ्याचं अजून आलेलं नाही, सही करायची शेवटची तारीख पंधरा आहे.